सरकारच्या मापाला शिक्का कोण मारणार?



आठवडे बाजारात वाण्याच्या दुकानी उभे राहा. त्याच्या वजनावर आणि तराजूवर वजनमाप खात्याचा शिक्का असतो. शिक्का नसेल तर दंड भरावा लागतो. हा कायदा कशासाठी? सगळेच वाणी लबाड असतात म्हणून नव्हे. माल ज्याचा त्याच्याच हाती माप असले, आणि ते माप तपासणारा दुसरा कोणी नसला, म्हणजे देवमाणसाचाही हात हलका पडतो, हे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवून झाले म्हणून. विकणारा एक आणि माप पारखणारा दुसरा, हा साधा न्याय आमच्या निरक्षर म्हाताऱ्यांनाही पटतो. आमचा सवाल इतकाच की, हा न्याय वाण्याला लागू, सोनाराला लागू, पेट्रोलपंपवाल्याला लागू, तर तो सरकारला लागू का नसावा?

कारण सरकारही माप घालते. देशात माणसे किती, शेतात पिकले किती, हाताला काम नसलेले किती, साथीत मेले किती, गळफास घेतलेले शेतकरी किती, शाळेच्या पटावर पोरे किती, कोणत्या जातीचे लोक किती, हे सारे सरकार मोजते. या मापावर रेशनचे धान्य सुटते, शेतसाऱ्याची सूट ठरते, पीकविमा मिळतो, शाळेला मास्तर मिळतो, पंचायतीत राखीव जागा निघते. म्हणजे वाण्याचे माप चुकले तर पावशेराचा तोटा, पण सरकारचे माप चुकले तर पिढीचा तोटा! आणि या मापाची पारख कोण करतो? सरकारच. आकडा सरकार काढणार, नको असेल तर सरकारच झाकणार, सोयीचा दिवस पाहून उघडणार, आणि वर त्याच आकड्याच्या जोरावर आपल्याच कारभाराला शाबासकी देणार. कुंपणानेच शेत खाल्ले तर फिर्याद कोणाकडे न्यायची?

कोणी म्हणेल, मास्तर, आकडे हे शहाण्यासुरत्यांचे काम, शेतकऱ्याला त्याचे काय? बाबांनो, हेच तुम्हाला पूर्वीपासून सांगत आले आहेत. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या बस्तनात मोडी अक्षरात बांधलेले असे. कोणाकडे सारा किती थकला, कोणाचा बांध कुठवर, हे तोच लिही आणि तोच वाचून दाखवी. रयतेने फक्त अंगठा उठवायचा. शाहू छत्रपतींनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले, त्यातले मर्म हेच होते की, दप्तर एकाच्या मुठीत राहिले म्हणजे रयतेची मान त्याच मुठीत राहते. वतन गेले ते बरे झाले. पण दप्तराची मूठ सुटली का? आज बस्तन जाऊन संगणक आला, मोडी जाऊन इंग्रजी आली, आणि मूठ गावातून उठून मुंबई-दिल्लीस गेली, एवढाच फरक!

हे हवेतले बोलणे नव्हे. एकेक उदाहरण घेऊ.

प्रथम पोटाचे. या देशात १८८१ पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी झाली. १९४१ साली महायुद्ध पेटले होते, तरी ती टळली नाही. २०२१ ची मात्र टळली. सुरुवातीस कोरोनाची साथ हे कारण खरेच होते. पण साथ ओसरली, निवडणुका झाल्या, मेळे भरले, तरी मोजणीची तारीख पुढेच ढकलली जात राहिली. अखेर जून २०२५ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ मार्च २०२७ ही मोजणीची संदर्भ तारीख ठरली. म्हणजे दोन मोजण्यांमध्ये सोळा वर्षे! २०११ च्या मोजणीनंतर चार महिन्यांनी जन्मलेले पोर मार्च २०२७ मध्ये दहावीच्या परीक्षेच्या बाकावर बसायचे; देशाच्या हिशोबी ते तोवर जन्मलेलेच नाही. आता याचा परिणाम पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने खेड्यातील शेकडा ७५ पर्यंत व शहरातील शेकडा ५० पर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. पण ही गणती प्रसिद्ध झालेल्या खानेसुमारीवरून करायची. २०११ च्या आकड्यावर ती सुमारे ८१ कोटींवर थांबली. लोक वाढले, कोटा वाढला नाही. ज्याँ द्रेझ व रीतिका खेरा या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० सालीच हिशोब मांडून दाखवला की, यामुळे दहा कोटींहून अधिक माणसे हक्काच्या धान्याबाहेर राहिली. नव्या सुनेचे व नातवाचे नाव कार्डावर का चढत नाही, म्हणून तुम्ही दुकानदाराशी भांडता. भांडण दुकानदाराशी नाही, बाबांनो. ते न झालेल्या मोजणीशी आहे!

दुसरे उदाहरण हक्काचे. सर्व जातींची शिरगणती या देशात १९३१ साली झाली आणि तिचे आकडे छापले गेले; त्यानंतर मागासवर्गीयांचा हिशोब मांडायचा तर मंडल आयोगालाही त्याच जुन्या आकड्यांकडे जावे लागले. २०११ साली काँग्रेस आघाडीच्या राज्यात सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणती सुरू झाली. घरोघर जाऊन जाती विचारल्या, खजिन्यातून पैसा ओतला. पण जातींचे आकडे ना त्या सरकारने छापले, ना पुढे आलेल्या भाजप सरकारने. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला सांगितले की, पंचायतीत इतर मागासवर्गीयांना राखीव जागा द्यायच्या तर आधी आकडेवारी आणा. राज्याने दिल्लीकडे २०११ चे आकडे मागितले. दिल्लीने न्यायालयात उत्तर दिले की, ते आकडे चुकांनी भरले आहेत. १९३१ साली जाती ४,१४७ होत्या, या गणतीत त्या ४६ लाखांवर गेल्या! आणि १५ डिसेंबर २०२१ रोजी राज्याची मागणी फेटाळली गेली. मग नेमलेल्या बांठिया आयोगाने काय केले? मतदारयाद्यांतील आडनावांवरून जातीचा अदमास बांधला, आणि जुलै २०२२ मध्ये इतर मागासवर्गीय शेकडा ३७ असल्याचे सांगितले. आता सांगा, जाधव, पवार, शिंदे ही आडनावे या महाराष्ट्रात कोणत्या एका जातीची आहेत? तेली, माळी, साळी, कुंभार, सुतार, लोहार यांच्या हक्काचा हिशोब आडनावाच्या पाटीवरून करण्याची पाळी आली, ती एकदा मोजलेले दडवून ठेवल्यामुळे आली.

३० एप्रिल २०२५ रोजी दिल्लीने पुन्हा जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. त्याचे आम्ही स्वागत करतो. पण एकदा तोंड भाजलेला ताकही फुंकून पितो. मोजणे वेगळे आणि मोजलेले सांगणे वेगळे. २०११ सालीही मोजले होतेच की! मोजलेले अमुक दिवशी छापलेच पाहिजे, असा कोणाचा हुकूम सरकारवर चालतो का, हे पहिल्याने विचारा.

तिसरे उदाहरण रोजगाराचे. २०१७-१८ साली सरकारच्याच नमुना पाहणीने बेकारी मोजली. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने डिसेंबर २०१८ मध्ये अहवालाला मान्यता दिली. तरी अहवाल बाहेर पडेना. निवडणूक तोंडावर होती ना! जानेवारी २०१९ च्या अखेरीस आयोगाचे पी. सी. मोहनन व जे. व्ही. मीनाक्षी या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. निवडणूक उरकली, नवे मंत्रिमंडळ शपथ घेऊन मोकळे झाले, आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ मे २०१९ ला, आकडा बाहेर आला : बेकारी शेकडा ६.१. त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसरा प्रकार. घरोघरी खर्च किती होतो, याची २०१७-१८ ची पाहणी सरकारने सदोष ठरवून छापायचीच नाही असे जाहीर केले. त्यामुळे २०११-१२ नंतरचा घरखर्चाचा आकडा लोकांना मिळायला २०२४ साल उजाडले. आणि गंमत पाहा! सरकारी आकडे निःपक्षपाती असावेत, सर्वांना सारखे खुले असावेत, ही संयुक्त राष्ट्रांची तत्त्वे याच सरकारच्या मंत्रिमंडळाने मे २०१६ मध्ये स्वीकारली होती. हरिदासाची कथा आणि हरिदासाचे घर निराळे, ते असे!

'पण आकडे खरोखरच सदोष असतील तर?' असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पाहणीत दोष राहू शकतो. पण दोष आहे की नाही, हे ज्याला तो आकडा बोचतो त्यानेच ठरवायचे काय? परीक्षेत नापास झालेल्या पोराने 'पेपर चुकीचा तपासला' म्हणून गुणपत्रिका फाडून टाकली, तर कोणता मास्तर ऐकून घेईल? फेरतपासणी मागावी, पण गुणपत्रिका भिंतीवर लागलीच पाहिजे. दोष असेल तर दोष सांगून छापा. शहाणे लोक दोष वजा करून वाचतील. झाकलेले मात्र कोणालाच वाचता येत नाही.

चौथे उदाहरण मरणाचे. ते लिहिताना हात जड होतो. देशाच्या गुन्हे नोंद विभागाने २०१३ साली शेती करणाऱ्यांच्या ११,७७२ आत्महत्या दाखवल्या. २०१४ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्या ५,६५० दाखवल्या. एका वर्षात निम्म्या! पाऊस चांगला झाला होता का, की कापसाला भाव चढला होता? तसे काही नव्हते. रकाना बदलला होता. शेतमजुरांचा नवा रकाना पाडला आणि त्यात ६,७१० मरणे गेली. दोन्हींची बेरीज १२,३६०. मजुरांचे मरण वेगळे मोजणे चांगलेच. पण जुना रकाना आणि नवा रकाना शेजारी मांडून समजावून सांगितले नाही, तर वाचणाऱ्याची दिशाभूल होणारच. त्यानंतर २०१६ चा अहवाल तर २०१९ च्या नोव्हेंबरात आला. २०२३ च्या अहवालात देशभर शेतीवर जगणाऱ्या १०,७८६ जणांनी जीव दिल्याची नोंद आहे. त्यांत ४,१५१ एकट्या महाराष्ट्रातले. आणि यात आमच्या मायबहिणी कितीशा असणार? पेरणीपासून कापणीपर्यंत राबणारी बाई, पण सातबारा नवऱ्याच्या नावचा. तिने विहीर जवळ केली तर ती शेतकरी नव्हे, गृहिणीच्या रकान्यात जाते. बटाईने कसणाऱ्याच्या नावे जमीन नाही, म्हणून त्याचे घर मदतीच्या यादीत अपात्र ठरते. ज्याला रकाना नाही, त्याच्या मरणालाही जागा नाही!

कोरोनाच्या वेळीही तेच. २०२१ अखेर सरकारने साथीचे मृत्यू सुमारे ४ लाख ८१ हजार सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये त्या दोन वर्षांत सुमारे ४७ लाख मृत्यू नेहमीपेक्षा जादा झाल्याचा अंदाज दिला. दिल्लीने तो नाकारला. कोणाची रीत बरोबर, हा वाद जाणत्यांनी घालावा. पण वाद मिटवणारा पुरावा, म्हणजे २०२१ सालच्या सर्व मृत्यूंची नोंद, सरकारने छापली ती मे २०२५ मध्ये. त्यात १ कोटी २ लाख मृत्यू निघाले. आदल्या वर्षी ते ८१ लाख होते. ही सारी वाढ साथीचीच, असे आम्ही म्हणत नाही, कारण नोंदणीही सुधारत असते. आम्ही एवढेच म्हणतो की, मेलेल्यांचा हिशोब चार वर्षांनी देणाऱ्या कारभाऱ्याला आमच्या गावात कोणी मंदिराच्या वर्गणीची वहीसुद्धा देणार नाही.

आता केवळ दिल्ली-मुंबईला बोल लावून आपण सोवळे होऊ नये. खोटा आकडा वरून खाली येतो, तसा खालून वरही जातो. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रात सर्व शाळांची पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून. कागदावर होती पण बाकावर नव्हती, अशी सुमारे वीस लाख मुले निघाली! पटावर तुकडी, तुकडीवर शिक्षक, शिक्षकावर अनुदान, अशी साखळी असली की कागदावर पोरे जन्माला येतात. हे माझ्याच पेशातले पाप आहे, म्हणून ते मुद्दाम सांगतो. जिथे आकड्यावर पैसा आहे आणि पारख करणारा नाही, तिथे मास्तरही वाणी होतो.

पैसेवारीचे पाहा. आणे गेले, पैसे आले, आणेवारीची पैसेवारी झाली. पण गाव दुष्काळी की सुकाळी हे आजही तिच्यावरून बोलले जाते. ५० पैशांच्या आत आले तर साऱ्यात सूट, कर्जवसुलीला थांबा, पोरांना परीक्षा फीची माफी. एक पैसा वर गेले की काही नाही. वास्तविक पीक मोजण्याची शास्त्रशुद्ध रीत आपल्याच मुलखातल्या माणसाने घालून दिली. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी, शेत कोणाच्या मर्जीने न निवडता चिठ्ठी काढल्यासारखे निवडावे, त्यातला ठरावीक तुकडा कापावा, मळावा आणि तोलावा, या पीककापणी प्रयोगाला देशात शास्त्राचा पाया दिला. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात पीकविम्याची भरपाईदेखील याच कापणी प्रयोगावर टांगलेली आहे. अशा वेळी तुकडा कोणाच्या शेतात पडला, कापणी कोणी पाहिली, वजन किती भरले, हे गावातल्या किती जणांना ठाऊक असते? कापणी तुमच्या शिवारात, आणि आकडा तुम्हाला कळतो तो विम्याची रक्कम आली नाही तेव्हा!

यावर इलाज आहे की नाही? आहे. ज्या विलायतेच्या राज्याने इथे खानेसुमारी सुरू केली, तिने स्वतःच्या घरी काय केले ते पाहा. २००७ साली तिथे कायदा झाला आणि एप्रिल २००८ पासून आकड्यांवर देखरेख ठेवणारे एक स्वतंत्र मंडळ उभे राहिले. ते मंत्र्याला नव्हे, पार्लमेंटला जबाब देते. मंत्र्याने आकडा वाकवून सांगितला तर हे मंडळ त्याला जाहीर पत्र लिहून सुनावते. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यालाच आठवड्याच्या ३५ कोटी पौंडांच्या आकड्याबद्दल असे पत्र गेले. पूर्वी तिथे मंत्र्यांना मुख्य आकडे लोकांच्या आधी पाहायला मिळत, तेही सांख्यिकी कार्यालयाने जुलै २०१७ पासून बंद केले. तिथे सारे आलबेल आहे असे नव्हे. पण माप घालणारा एक आणि शिक्का मारणारा दुसरा, एवढे तरी त्यांनी केले. आपल्याकडे रंगराजन आयोगाने २००१ सालीच कायद्याने बळ दिलेला कायमचा सांख्यिकी आयोग मागितला होता. २००६ साली आयोग बसला, पण तो सरकारी ठरावावर, कायद्यावर नव्हे. दात नसलेला राखणदार! म्हणूनच २०१९ साली त्याच्या सदस्यांना राजीनामा देण्यापलीकडे काही करता आले नाही.

सबब आमच्या मागण्या या :

एक. सांख्यिकी आयोगाला संसदेच्या कायद्याचे बळ द्या. तो संसदेला जबाब देईल, सदस्यांना सरकारच्या लहरीने काढता येणार नाही, आणि आकडा वाकवणाऱ्या मंत्र्याला, तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला जाहीर बोल लावता येईल. राज्यातही विधिमंडळाला जबाबदार असा राखणदार असावा.

दोन. कोणता आकडा कोणत्या तारखेस निघणार, हे वर्ष लागण्यापूर्वीच जाहीर करा. निवडणूक असो वा नसो, तारीख ढळता कामा नये. मंत्री आणि मजूर यांनी आकडा एकाच वेळी वाचावा.

तीन. एकदा मोजले की छापलेच पाहिजे. दोष असतील तर दोषासकट. रकाना बदलला तर जुना व नवा हिशोब काही वर्षे शेजारी छापा. २०२७ च्या मोजणीतील जातींच्या आकड्यांना हा नियम सर्वांआधी लागू करा.

चार. जे सुटतात त्यांना आधी मोजा : कोयता घेऊन परमुलखात गेलेले ऊसतोड मजूर, भटके-विमुक्त, बटाईदार, राबणाऱ्या बाया. मात्र माणसाचे नाव आणि घर गुप्त राहिले पाहिजे. १९४८ च्या जनगणना कायद्याने हे गुपित राखण्याचे वचन दिले आहे; त्याला कोणी धक्का लावू नये. झाकायचे ते माणसाचे नाव, उघडायची ती बेरीज. आज नेमके उलटे चालले आहे!

पाच. गावचा आकडा गाव सोडण्यापूर्वी ग्रामसभेत मराठीतून वाचला गेला पाहिजे. पैसेवारी, कापणी प्रयोगाचे वजन, शाळेचा पट, रेशनची यादी, जन्ममृत्यूची वही, हे सारे चावडीच्या भिंतीवर लागावे, आणि हरकत घेण्यास आठ दिवस मिळावेत.

पहिल्या चार गोष्टी दिल्ली-मुंबईने करायच्या आहेत, आणि त्या आपणहून होणार नाहीत. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारा. पाचवीला मात्र कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका. येत्या ग्रामसभेत उठून उभे राहा आणि तलाठ्यांना (आता त्यांचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले आहे) नम्रपणे विचारा, 'अण्णासाहेब, यंदा आपल्या गावची पैसेवारी किती लावली, आणि कशावरून?' मुख्याध्यापकांना पट विचारा. उत्तर मिळाले नाही तर २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज करा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून लिहून घ्या. सातवीच्या पोराला शेकडेवारी येते. बापाच्या शेताचा हिशोब त्याला करता येत नसेल, तर आम्ही शिकवले तरी काय?

वाण्याचे वजन उलटे करून शिक्का पाहण्याची सवय आपल्या आयाबायांना आहे. तीच सवय सरकारच्या आकड्याला लावा. मोजून घेणारी रयत फसत नाही. अंगठा उठवणारी फसते.

— एक खेडवळ शिक्षक